मोपाहून बेळगावला येताना: तिथली टॅक्सी की इथून ठरवलेली गाडी?

फ्लॅट १०४:
सर्वांना नमस्कार. माझे सासू-सासरे येत्या शुक्रवारी रात्री साडेनऊला दिल्लीहून गोव्याच्या विमानतळावर उतरणार आहेत. सांबऱ्यापर्यंतची, म्हणजे आपल्या बेळगावच्या विमानतळापर्यंतची, तिकिटे सोयीच्या वेळेची मिळाली नाहीत. दोघांचीही वये सत्तरीपुढची आहेत. त्यांनी तिथेच टॅक्सी करावी की आपण इथून गाडी ठरवून पाठवावी, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

फ्लॅट ३०१:
वहिनी, गाडीचा विचार करण्याआधी तिकिटावर विमानतळ कोणता आहे ते पाहा. जानेवारी २०२३ मध्ये मोपा सुरू झाल्यापासून गोव्यात दोन विमानतळ झाले आहेत. तिकिटावर जीओआय असेल तर दाबोळी आणि जीओएक्स असेल तर मोपा. गेल्या वर्षी मी चालकाला फोनवर नुसते "गोवा एअरपोर्ट" एवढेच सांगितले होते. तो बिचारा दाबोळीला माझ्या नावाची पाटी धरून उभा राहिला आणि मी मोपाला सामानाच्या पट्ट्याशेजारी त्याला फोनवर फोन लावत बसलो. चूक माझीच होती, त्यामुळे जादा डिझेलचे पैसे निमूटपणे दिले.

आता मूळ प्रश्न. सांबऱ्याला उतरणार असते तर मी एवढे लिहिलेच नसते. गाव दहा किलोमीटरवर आहे, रिक्षा करा नाहीतर घरून कोणीतरी जा. मोपा मात्र चोर्ला घाटाच्या वाटेने साधारण एकशे दहा ते एकशे वीस किलोमीटर पडते. तिथला टॅक्सीवाला बेळगावला सोडून रिकामाच परत जाणार हे गृहीत धरून परतीचेही भाडे लावतो. आपली गाडी इथून रिकामी गेली तर तोच हिशेब उलटा होतो, म्हणजे इथून पाठवली की आपोआप स्वस्त पडते हा समज खरा नाही. फायदा तेव्हाच होतो, जेव्हा त्या दिवशी गोव्याला प्रवासी सोडायला जाणारी गाडी आपल्याला मिळते. बेळगावातून गोव्याला रोज गाड्या जात असतात, त्यामुळे दोन-तीन चालकांना "शुक्रवारी तिकडे भाडे आहे का?" एवढे विचारले तरी दरात फरक पडतो.

फ्लॅट २०२:
काकांचे म्हणणे पटते, तरी विमानतळावरच्या काउंटरची टॅक्सी मी कमी लेखणार नाही. पावती मिळते, गाडीची नोंद राहते, आणि विमानाला तीन तास उशीर झाला तरी कोणाला ताटकळत ठेवल्याचे ओझे मनावर नसते. एकट्या तरुण माणसाने पणजी-म्हापशापर्यंत जायचे असेल तर मी तीच घेईन.

फ्लॅट ३०१:
पणजी-म्हापशापर्यंत मीही तीच घेईन. इथे मात्र दोन ज्येष्ठ माणसे आहेत, पावसाळा आहे आणि वाटेत रात्रीचा घाट आहे. सामान हाती येईपर्यंत दहा वाजणार, म्हणजे साखळी-केरी मागे टाकून गाडी चोर्ला घाटात शिरेल तेव्हा मध्यरात्र जवळ आलेली असेल. त्या वेळी धुके इतके दाट उतरते की बॉनेटच्या पुढची पांढरी पट्टीही दिसत नाही, आणि काही टप्प्यांत मोबाइलला रेंज नसते. कणकुंबी-जांबोटीचे प्रत्येक वळण अंगवळणी पडलेला आपल्याकडचा चालक मला अशा वेळी अधिक भरवशाचा वाटतो.

गाडी पिवळ्या पाटीचीच घ्या. ओळखीचा कोणी पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीतून भाडे घेऊन आणतो म्हणाला तर नम्रपणे नको म्हणा. ते बेकायदा आहेच, शिवाय अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते. आंबोलीमार्गे आणायचे ठरले तर वाट महाराष्ट्रातून जाते, म्हणून परवाना तिन्ही राज्यांत चालतो का हेही विचारून घ्या.

चालकाला नुसती वेळ सांगू नका, विमानाचा क्रमांक द्या, म्हणजे उशीर झाला तर त्याला घरबसल्या कळेल. प्रतीक्षेचे पैसे किती वेळानंतर आणि किती, पार्किंग, टोल व रात्रीचा भत्ता कोणाकडे, हे सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. तोंडी ठरलेले दारात उतरताना हमखास बदलते. चाकांची खुर्ची लागणार असेल तर विमान कंपनीला आधीच कळवा.

आणखी एक, आगाऊपणाची क्षमा असावी. त्या रात्री पाऊस जोराचा असेल तर मोपाजवळच मुक्काम करून सकाळी सातला निघणे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. खोलीचे भाडे जाईल, पण सासूबाईंना घाटात अंधारात ताटकळावे लागणार नाही.

फ्लॅट १०४:
काका, तिकीट पाहिले, त्यावर जीओएक्स आहे. अनगोळच्या एका चालकाकडे शुक्रवारी दुपारी म्हापशाचे भाडे आहे आणि तो रात्री मोपाला थांबायला तयार आहे. पावसाचा अंदाज पाहून मुक्कामाचे गुरुवारी ठरवू, असे त्यालाही सांगितले आहे. त्याच्या गाडीची पाटी पिवळीच आहे, फोटो मागवून पाहिला.