वॉलरसच्या भुताचा नाच नक्की कुणाचा?

काळापांढरा
भुतांच्या जुन्या संगीतमय कार्टूनचा विषय निघाला की जो तो डिस्नेच्या 'द स्केलेटन डान्स'चं (१९२९) नाव घेतो. तो मान फ्लायशर बंधूंच्या 'मिनी द मूचर'चा (१९३२) आहे, असं माझं ठाम मत आहे. कार्टूनची नायिका बेटी बूप हिचं जेवणावरून आईबापाशी वाजतं, ती चिठ्ठी ठेवून मित्र बिंबोबरोबर पळते, रात्री दोघं एका गुहेत शिरतात आणि समोर वॉलरसचं भूत उभं राहून गायला लागतं. आवाज जॅझ गायक कॅब कॅलोवेचा, नाचही त्याचाच. त्याला चित्रित करून ती हालचाल रोटोस्कोपने वॉलरसच्या अंगात उतरवली आहे. पाय पुढे पडतायत असं वाटावं आणि देह भलतीकडेच घसरत जावा, असं दुसरं भूत मी कुठल्याच कार्टूनमध्ये पाहिलेलं नाही.

पेन्सिलतुकडा
साफ असहमत. रोटोस्कोप म्हणजे फिल्मची एकेक फ्रेम काचेवर पाडायची आणि वर कागद ठेवून गिरवायची. मॅक्स फ्लायशरने १९१५ साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्याचा भाऊ डेव्ह विदूषकाचे कपडे घालून कॅमेऱ्यासमोर नाचला आणि त्यातून कोको हे पात्र आलं. युक्ती मोठीच, पण नाच आयता मिळाला. उलट 'स्केलेटन डान्स' डिस्नेचा अॅनिमेटर अब आयवर्क्स याने जवळपास एकहाती काढला. एक सांगाडा दुसऱ्याच्या पाठीच्या कण्यावर हाडं आपटून झायलोफोन वाजवतो, तो प्रसंग फ्रेम थांबवत थांबवत बघा. हाड मणक्याला टेकतं त्याच क्षणी सूर उमटतो. ठोके आधी मोजून कागदावर मांडायचे आणि त्या हिशेबाने प्रत्येक चित्र काढायचं, हे काम ध्वनिपट नुकते आले असताना त्याने केलंय.

काळापांढरा
आयवर्क्सच्या हाताबद्दल वादच नाही. पण तेच तेच नाच पुन्हा येतात, उजवीकडून झालं की डावीकडून. आणि गिरवणं इतकं सोपं असेल तर सांगा, कॅलोवेच्या सडपातळ अंगाची हालचाल वॉलरसच्या पोटात आणि पंखासारख्या हातांत कशी बसवायची? पुढच्याच वर्षीचा 'स्नो व्हाइट' (१९३३, फ्लायशरांचाच) बघा. तिथे भूत झालेला कोको कॅलोवेच्या आवाजात गातो, आणि गाण्यात घड्याळाच्या साखळीचा उल्लेख आला की त्याचा देहच साखळी होतो, टोकाला सोन्याचं नाणं. हे कुठल्या फिल्मवरून गिरवलं?

ठेका
दोघंही चित्रांवरच बोलताय. 'स्केलेटन डान्स'मध्ये कार्ल स्टॉलिंगचं संगीत आहे, त्यात नॉर्वेजियन संगीतकार ग्रीगची एक रचनाही गुंफली आहे. सांगाडे तिच्यावर नाचतात, पण ते संगीत त्यांचं स्वतःचं नाही. 'मिनी'मध्ये कॅलोवेचं त्याच नावाचं गाणं १९३१ सालीच गाजलेलं होतं, आणि त्याची बांधणीच हाकेला साद देण्याची. कॅलोवे 'हाय-डी-हाय' म्हणतो आणि सगळी भुतं ती ओळ उचलतात, कीर्तनात बुवांच्या मागे टाळकरी उचलतात तशी. गाण्याची मिनी नशेच्या वाटेला गेलेल्या माणसाच्या नादी लागते, आणि पडद्यावर दारू पिणारे सांगाडे आहेत, विजेच्या खुर्चीवर बसणाऱ्या कैद्यांची भुतं आहेत. १९३२ सालच्या अमेरिकेत दारूबंदी होती, हे डोक्यात ठेवून बघा. ही भुतं स्मशानातून आलेलीच नाहीत, ती शहरातून आलीयत. म्हणून माझं मत 'मिनी'ला.

निशाचर
मत मी कुणालाच देत नाही, कारण मूळ प्रश्नच कुणी काढला नाही. कॅलोवे तेव्हा न्यू यॉर्कमधल्या हार्लेमच्या कॉटन क्लबमध्ये वाजवत होता: मंचावर कृष्णवर्णीय कलावंत, टेबलांवर गोरे गिऱ्हाईक. कार्टूनमध्ये तेच झालंय. त्याचं संगीत म्हणजे अंधारी गुहा, गोरी मुलगी घाबरून घरी पळते, पांघरुणात शिरते, आणि तिची चिठ्ठी फाटून उरलेल्या शब्दांत घराचे गोडवे. नामावलीत अॅनिमेटर म्हणून विलर्ड बाउस्की आणि राल्फ सॉमरव्हिल. नाच ज्याच्या अंगातून आला त्याचं नाव नाचासाठी कुठे आहे?

काळापांढरा
पण कार्टून सुरू होतं तेच कॅलोवेच्या खऱ्या चित्रीकरणाने! तो आपल्या वाद्यवृंदासमोर डोलताना स्पष्ट दिसतो. त्याचा नाच कुणी लपवला नाही, उलट आधी माणूस दाखवला आणि मग भूत. त्याचं आज माहीत असलेलं सर्वांत जुनं चित्रीकरण याच फिल्ममध्ये आहे.

निशाचर
वाद्यवृंदाचा नायक म्हणून दिसतो, मान्य. पण पुढचा वॉलरस त्याच्याच पायांनी चालतोय हे तेव्हाच्या प्रेक्षकाला कुणी सांगितलं? गोष्टीत माणसाला जागा नाही, त्याच्या हालचालीला आहे. माझी तक्रार तेवढीच आहे आणि ती मी मागे घेणार नाही.

पेन्सिलतुकडा
निशाचर, या मुद्द्यावर मी तुमच्याबरोबर आहे, आणि माझं म्हणणंही त्यामुळे पक्कं होतं. नाच कॅलोवेचा आहे हे एकदा मानलं तर त्या दृश्याचं निम्मं श्रेय अॅनिमेशनच्या खात्यातून काढावं लागेल. आयवर्क्सच्या सांगाड्यांना असं कुणाचं देणं नाही.

ठेका
मग काढा ना निम्मं. उरलेल्या निम्म्यातही तो वॉलरस मला सांगाड्यांपेक्षा जास्त झपाटतो.