दुसरा शॉर मिळणार आहे का?

खोदकामगार: पीटर शॉरने १९९४ मध्ये क्वांटम संगणकावर मोठ्या संख्यांचे अवयव झटपट पाडायची रीत काढली. १९९६ मध्ये लव ग्रोवरने शोधाची काढली. दोघेही बेल लॅब्सचे. त्यानंतर त्या तोडीचं काय आलं? ग्रोवरबद्दल तर सिद्धच झालंय: क्रम न लावलेल्या यादीत शोधताना याहून जास्त फायदा निघत नाही. दहा लाख नोंदींना हजारेक पायऱ्या, आणि तोही फायदा क्युबिटच्या (क्वांटम संगणकाच्या मूळ घटकाच्या) चुका निस्तरण्यात बुडतो. इकडे २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला सहा हजार कोटी मंजूर झाले. यंत्र होईल हो, त्यावर चालवणार काय?

मीनल_प: शॉर हीच मोजपट्टी कशाला? क्वांटम संगणकाची कल्पना मांडणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञ फाइनमनच्या डोक्यात अवयवबिवयव नव्हते, निसर्गाची नक्कल होती. मोठ्या रेणूंमधल्या इलेक्ट्रॉनांचा नेमका हिशेब साध्या संगणकाला झेपत नाही. काम तिथे आहे.

तिरकस: मीनलताई, 'साध्याला झेपत नाही' हे जपून म्हणा. २०१६ मध्ये केरेनिडिस आणि प्रकाश यांनी ग्राहकाला काय आवडेल ते सुचवणारा क्वांटम अल्गोरिदम दिला. टेक्सासात प्राध्यापक स्कॉट आरनसनने इविन टँग या विद्यार्थिनीला काम दिलं: साध्या संगणकाला हे इतक्या वेगात जमत नाही, एवढं सिद्ध कर. २०१८ मध्ये तिने ते जमवूनच दाखवलं! वय १८.

मीनल_प: मग ते कुणाच्या खात्यात मांडायचं? आधी क्वांटम रीत नसती तर ही साधी रीत सुचली असती का?

संख्यारेखा: खोदकामगार, एप्रिल २०२४ आठवा. चिंग्हुआ विद्यापीठाच्या यिलेई चेन यांनी लॅटिसच्या (बिंदूंच्या जाळीच्या) गणिती कोड्यांवर क्वांटम अल्गोरिदम मांडला. माहिती गुप्त ठेवणारी, क्वांटम संगणकाला दाद न देणारी नवी कुलपं बहुतांशी याच कोड्यांवर उभी आहेत, त्यामुळे तज्ज्ञांची झोप उडाली. आठवडाभरात नवव्या पायरीत चूक निघाली, दावा पडला. पण 'असं काही असूच शकत नाही' म्हणून कुणी तो केराच्या टोपलीत टाकला नव्हता. आणि शॉरची रीतही २०२३ मध्ये ओडेड रेगेव्हने सुधारलीच की, २९ वर्षांनी.

खोदकामगार: रेगेव्हने जुन्याच घराची डागडुजी केली. प्रत्येक फेरी लहान झाली, फेऱ्या वाढल्या. टँगचा मुद्दा मात्र मान्य. मग कागद-पेन्सिलवाल्या पोरांना फेलोशिपा द्या, त्यांना क्वांटम यंत्रासारखं उणे २७३ अंशांजवळ ठेवावं लागत नाही.

तिरकस: द्याव्यातच. पण फेलोशिपची फीत कापता येत नाही ना साहेब!