जिंकणं, नशीब आणि स्पर्धा: नववीसाठी सगळ्या विषयांचा मिळून एक प्रकल्प कसा बसवावा?

करवीर_गुरुजी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. कोल्हापुरातल्या एका शाळेत नववीच्या तुकडीसाठी 'जिंकणं, नशीब आणि स्पर्धा' या विषयावर सगळ्या विषयशिक्षकांनी मिळून घ्यायचा प्रकल्प बसवतोय. मुलं 40, तासिका आठ, प्रत्येकी 35 मिनिटांच्या. प्रयोगशाळा साधी आहे, खर्च हजार रुपयांच्या आत बसवायचाय. वर्गातली बरीच मुलं तालमीत नाहीतर फुटबॉलच्या मैदानावर असतात, त्यामुळे स्पर्धा म्हणजे काय हे त्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

अशा प्रकल्पांत नेहमी होतं ते असं: गणिताचे सर नाणं उडवून दाखवतात, विज्ञानाच्या मॅडम डार्विन सांगतात, इतिहासाच्या तासाला खाशाबा जाधवांचं चरित्र होतं, आणि एकाचा दुसऱ्याशी काही मेळ लागत नाही. मला सगळ्या तासांना धरून एकच प्रश्न ठेवायचाय. निकाल लागला की त्यात कुवत किती, नशीब किती आणि नियमाचा वाटा किती?

प्रत्येक विषयात मुलांनी हाताने काय करावं, साहित्य किती लागेल आणि कुठे फसतं, एवढं सांगा. शाळेत जुगार शिकवतात अशी पालकांची तक्रार येता कामा नये, तेही बघायचंय.

---

गणिताचा_तास

सर, नाण्यापासून सुरुवात करू नका. उत्तर आधीच ठाऊक आहे असं मुलांना वाटतं आणि मोजण्यात रस राहत नाही. कवड्या घ्या. अंबाबाईच्या देवळाजवळ पूजासाहित्याच्या दुकानांत मिळतात. कवडी उताणी पडायची शक्यता किती, हे पुस्तकात नाही, ते मोजूनच काढावं लागतं.

प्रत्येकाला एक कवडी आणि एक वाटी. वाटीत हलवून सतरंजीवर टाकायची, 50 वेळा. उघड्या फरशीवर टाकली की घरंगळते आणि मुलं पुन्हा टाकतात. न आवडलेली फेक तेवढी बाद होते आणि आकडे बिघडतात, म्हणून पडली ती फेक मोजायची हा नियम आधीच सांगा. एकाच्या 50 फेकींत खऱ्या प्रमाणापेक्षा 14 टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे निघणं स्वाभाविक आहे. 40 जणांच्या 2000 फेकी एकत्र केल्या की तोच फरक सव्वादोन टक्क्यांवर येतो. मग खरा प्रश्न येतो: दोघांचे आकडे वेगळे आले, तर कवडी वेगळी की नशीब वेगळं? कवड्यांची अदलाबदल करून आणखी 50 फेका. जास्तीचा आकडा कवडीबरोबर गेला तर कवडीत फरक असावा. गेला नाही तर आधीचा फरक योगायोगाचा होता.

दुसऱ्या तासाला कापडी पिशवी, 6 लाल आणि 4 पांढरे मणी. लाल म्हणजे सरस खेळाडू, प्रत्येक फेरीत त्याची जिंकायची शक्यता 60 टक्के. एकाच फेरीत निकाल लावला तर पांढरा 40 टक्के वेळा जिंकतो. तीनपैकी दोन ठेवल्या तर सरस खेळाडू 64.8 टक्के, पाचपैकी तीन ठेवल्या तर 68.3, सातपैकी चार ठेवल्या तर 71 टक्के. म्हणजे सात फेऱ्यांच्या लढतीतसुद्धा दहातल्या जवळजवळ तीन वेळा कमजोर जिंकतो. हा आकडा मुलांना पटत नाही, तोपर्यंत खेळू द्या. प्रत्येक गटाने सात फेऱ्यांच्या किमान 20 लढती कराव्यात.

फसतं ते इथे. मणी परत टाकायला विसरतात. एक लाल बाहेर राहिला की 6/10 चे 5/9 होतात आणि सगळं गणित बदलतं. दुसरं म्हणजे दोन रंगांचे मणी वेगवेगळ्या दुकानांतले असले की आकारात फरक असतो आणि बोटांना तो कळतो. दोन्ही रंग एकाच जातीच्या मण्यांचे घ्या.

तिसऱ्या तासाला अर्धवट थांबलेला सामना. आधी तीन फेऱ्या जिंकेल तो विजयी, आणि 2-1 वर पाऊस आला. बक्षिसाचे 64 गुण कसे वाटायचे? बहुतेक मुलं 2:1 म्हणतात. पास्कल आणि फर्मा या फ्रेंच गणितज्ञांनी 1654 साली पत्रांतून हाच प्रश्न सोडवला. मागे काय झालं ते बघू नका, पुढे काय होऊ शकतं ते मोजा. राहिलेल्या दोन फेऱ्यांचे चार निकाल होऊ शकतात, त्यातले तीन पुढे असलेल्याच्या बाजूचे. वाटणी 48 आणि 16. इथे एखादा हुशार पोरगा विचारेल, 'पहिलीच फेरी त्याने जिंकली तर दुसरी खेळायचीच नाही, मग ती मोजायची कशाला?' तीच शंका त्या काळी रोबेरव्हाल या गणितज्ञाने काढली होती. उत्तर सोपं आहे: ती फेरी खेळली तरी विजेता बदलत नाही, पण ती धरली की चारही निकाल सारख्या शक्यतेचे होतात आणि नुसते मोजता येतात. क्रिकेटमध्ये 1 जानेवारी 1997 पासून वापरात आलेली, पावसाने षटकं कमी झाली की लक्ष्य ठरवणारी डकवर्थ-लुईस पद्धतही मागच्या धावांपेक्षा हातात उरलेली षटकं आणि विकेट बघते. पावसाळी कोल्हापुरात हे उदाहरण लगेच बसतं.

पालकांचं म्हणाल तर पैसे कुठेच नकोत आणि परीक्षेचे गुणही नकोत. हिशोब फळ्यावरच्या गुणांवर ठेवा.

---

लाल_माती

गणिताच्या सरांनी फेऱ्यांचं सांगितलं, मी नियमाचं सांगतो, कारण आपल्याकडच्या पोरांना ते आतून कळतं.

मैदानी कुस्तीत चितपट झाली तरच निकाल, नाहीतर बरोबरीत सोडवायची. मॅटवर तीन-तीन मिनिटांचे दोन डाव आणि गुण. तीच जोडी, पण दोन नियमांत निकाल वेगळा लागू शकतो. फ्री स्टाईलमध्ये 10 गुणांची आघाडी झाली की लढत तिथेच थांबते, म्हणजे चितपट न करताही कुस्ती संपते.

नशीब नियमातच कसं बसवलेलं असतं याचं सगळ्यात चांगलं उदाहरण 2008 आणि 2012 च्या ऑलिंपिकमधलं. तेव्हा तीन डावांपैकी दोन जिंकायचे असत. डाव 0-0 संपला तर पंच पिशवीतून रंगीत चेंडू काढायचे. ज्याच्या रंगाचा निघेल त्याला समोरच्याचा पाय धरून सुरुवात करायला मिळायची. पाय हातात मिळालेला पैलवान काय करतो हे पोरांना सांगायला लागत नाही. 2013 साली हा प्रकार काढून टाकला आणि दोन्ही डावांचे गुण एकत्र मोजायला लागले. वर्गात हे फळ्यावर मांडा आणि विचारा, चेंडूच्या नियमात सरस पैलवानाचं नुकसान किती? मण्यांच्या पिशवीने ते काढता येतं.

नेमबाजीचंही घ्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे 2024 ला पॅरिसमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनच्या पात्रता फेरीत 590 गुणांनी सातवा होता. अंतिम फेरीत पात्रतेचे गुण धरत नाहीत, सगळे शून्यापासून सुरू करतात. तिथे 451.4 गुणांवर कांस्य आलं. पात्रतेचे गुण पुढे धरले असते तर निकाल कसा लागला असता, हा चर्चेचा चांगला मुद्दा आहे. उत्तर एकच नाही, पण नियम कुणाच्या सोयीचा हे पोरं लगेच शोधतात.

खाशाबांचं चरित्र वाचायचंच असेल तर दोन आकडे शेजारी लिहा: 1948 लंडन, सहावा क्रमांक. 1952 हेलसिंकी, कांस्य. मातीतला पैलवान मॅटवर गेला की काय बदलतं, तिथून बोलायला सुरुवात करा.

---

भौतिकी_राजारामपुरी

भौतिकशास्त्राचा मुद्दा एकच: मोजमापाच्या चुकीपेक्षा लहान फरकावर विजेता ठरवला, तर तो नशिबाने ठरतो.

शाळेच्या क्रीडा महोत्सवात 100 मीटरची वेळ हाताने घेतात. शिक्षक शेवटच्या रेषेवर उभे राहून शिट्टी ऐकून घड्याळ चालू करतात. आवाजाला 100 मीटर यायला साधारण 0.29 सेकंद लागतात, म्हणजे प्रत्येकाची वेळ तेवढी कमी नोंदली जाते. म्हणून झेंडा खाली आलेला बघून घड्याळ दाबायचं, आवाजावर नाही. शिवाय माणसाची प्रतिक्रिया. पट्टी सोडून पकडायचा प्रयोग घ्या: 15 सेंटीमीटरवर पकडली तर 0.175 सेकंद, 20 वर पकडली तर 0.202. पट्टी धरणाऱ्याने 'सोडतो' म्हणायचं नाही आणि बोटं शून्याच्या खुणेवर हवीत. एवढं झालं की दहा मुलांना एकाच लोलकाचे दहा झोके मोजायला लावा. त्यांच्या वेळांत जितका फरक पडेल, त्याहून कमी फरकाने शर्यतीत पहिला-दुसरा ठरवू नये.

मोठ्या स्पर्धांतही हेच. 1984 ला लॉस एंजेलिसमध्ये पी. टी. उषांचं 400 मीटर अडथळा शर्यतीतलं कांस्य 0.01 सेकंदाने गेलं (55.41 आणि 55.42). त्या वेगाला 0.01 सेकंद म्हणजे सुमारे 7 सेंटीमीटर, फोटोत स्पष्ट दिसणारं अंतर. पोहण्यात तसं नाही. 1972 ला म्युनिकमध्ये 400 मीटर मिडलेत (चार पद्धतींनी पोहायच्या शर्यतीत) सुवर्ण आणि रौप्य यांच्यात 0.002 सेकंदाचा फरक होता, म्हणजे साधारण 3 मिलिमीटर. 50 मीटरच्या तलावाची लांबी बांधकामात त्याहून जास्त वाढलेली असायला परवानगी असते. म्हणून नंतर पोहण्यात वेळ शतांश सेकंदांतच धरायला लागले आणि सारखी वेळ आली की दोघांना तेच पदक देतात. ही गोष्ट आकड्यांसकट मुलांकडून करून घ्या, नुसती सांगू नका.

---

करवीर_गुरुजी

झेंड्याची सूचना या वर्षीच्या महोत्सवातच अमलात आणतो. आता जीवशास्त्र आणि नागरिकशास्त्र राहिलं. कवड्यांच्या ऐवजी तिथेही मणीच वापरता आले तर बरं, खर्च वाचेल.

---

बी_बियाणं

मणी चालतील, गुरुजी, आणि हा प्रयोग मुलांना सगळ्यात जास्त हलवतो.

पिशवीत 5 लाल, 5 पांढरे. एक मणी काढा, रंग लिहा, परत टाका. असं 10 वेळा. समजा 7 लाल आणि 3 पांढरे आले, तर पुढच्या पिढीची पिशवी 7 आणि 3 ने भरा. पुन्हा 10 ओढी. असं चालू ठेवलं की सरासरी 12-13 पिढ्यांत पिशवीत एकच रंग उरतो. लाल पांढऱ्यापेक्षा कशातच सरस नाही, तरी एक जण कायमचा संपतो. काही गटांत लाल उरेल, काहींत पांढरा. लोकसंख्या छोटी असली की निसर्गात गुण असेच नशिबाने टिकतात नाहीतर जातात. प्रत्येक गटाकडे दोन्ही रंगांचे दहा-दहा मणी हवेत. एका पिढीला दीड मिनिट धरा, 35 मिनिटांत बहुतेक गट संपतात. जे संपत नाहीत त्यांना थांबवून पिशवीतला आकडा लिहून ठेवा, तोही निकालच आहे.

खऱ्या स्पर्धेसाठी मूग आणि मोहरी. कागदी कप, तळाला तीन भोकं, सगळ्यांत मोजून सारखी माती. एका कपात 10 मूग, एकात 10 मोहरी, एकात 5 आणि 5. प्रत्येक प्रकारचे किमान चार कप करा, कारण एकच कप मेला तर तो स्पर्धेने मेला की पाणी साचून, हे सांगता येत नाही. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये पाणी साचूनच जास्त मरतात. कप खिडकीत ठेवले तर रोज जागा बदला, नाहीतर उजेडाकडच्या कपांना आयता फायदा मिळतो. तीन आठवड्यांनी रोपं मुळांसकट काढून धुवा, कागदात वाळवा आणि सराफी काट्यावर वजन करा. ओल्या रोपांचं वजन करू नका, पाण्याचाच फरक मोजला जाईल.

1934 साली गाऊझे या जीवशास्त्रज्ञांनी पॅरामिशियम या एकपेशीय जीवाच्या दोन जाती एकाच खाद्यावर वाढवल्या, तेव्हा एक जात टिकली आणि दुसरी संपली. मण्यांत कुणीही सरस नव्हता, गाऊझेंच्या भांड्यात एक जण होता. पण दोन्हीकडे शेवटी दिसतं एकसारखंच. फरक कसा ओळखायचा? प्रयोग पुन्हा पुन्हा करून. दर वेळी तोच जिंकला तर कुवत.

---

शाहूपुरी_नागरिक

निवडणुकीसाठी मणी नकोत, 40 चिठ्ठ्या पुरे. सहल कुठे न्यायची यावर मतदान, प्रत्येकाने तीन ठिकाणं पसंतीच्या क्रमाने लिहायची. आधी हे तयार उदाहरण सोडवून घ्या:

16 जण: पन्हाळा, नरसोबावाडी, गगनबावडा
14 जण: गगनबावडा, नरसोबावाडी, पन्हाळा
10 जण: नरसोबावाडी, गगनबावडा, पन्हाळा

फक्त पहिली पसंती मोजली तर 16 मतांनी पन्हाळा. सगळ्यात मागे असलेली वाडी बाद करून दुसरी फेरी घेतली तर 24 विरुद्ध 16 ने गगनबावडा. पहिल्याला 2, दुसऱ्याला 1 गुण दिला तर पन्हाळा 32, गगनबावडा 38, वाडी 50. मतं तीच, विजेते तीन. मोजायची पद्धत मतदानाच्या आधी जाहीर का करावी लागते, ते इथे कळतं.

समान मतं पडली तर? लोकप्रतिनिधित्व कायदा 1951, कलम 65: चिठ्ठी टाकून निकाल. 2017 ला मुंबई महापालिकेच्या एका प्रभागाचा निकाल चिठ्ठीवरच लागला.

आणि गुरुजी, कोल्हापुरात हा विषय घेताना 26 जुलै 1902 सोडून चालणार नाही. शाहू महाराजांनी करवीर संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी 50 टक्के मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या. ते का, हे गणिताच्या सरांच्याच पद्धतीने दाखवता येतं. दोघांची कुवत सारखी, पण एकाला जिंकायला 3 फेऱ्या पुरतात आणि दुसऱ्याला जन्मामुळे 5 जिंकाव्या लागतात. दुसऱ्याची शक्यता 29/128, म्हणजे 23 टक्क्यांच्या आत. आता दुसरा खरोखरच सरस आहे आणि फेरीत त्याची शक्यता 60 टक्के आहे असं धरा, तरी तो 42 टक्के वेळाच जिंकतो. स्पर्धा खुली असणं आणि स्पर्धा बरोबरीची असणं यातलं अंतर या दोन आकड्यांत आहे. पिशवीतून काढून बघा, निकाल सात फेऱ्यांत लागतोच, म्हणून दुसऱ्यासाठी सात ओढींत किमान पाच लाल यायला हवेत.

अर्थशास्त्रासाठी वेळ उरला तर शेंगदाण्यांची बरणी. एका दाण्याला एक गुण. प्रत्येकाने आधी अंदाज आणि मग बोली बंद चिठ्ठीत लिहायची. आपसात बोलू देऊ नका, अंदाज एकमेकांकडे ओढले जातात. सगळ्यात मोठी बोली ज्याची तो बरणी घेतो आणि बहुधा तोट्यात जातो, कारण ज्याचा अंदाज सगळ्यात चढा चुकला त्याचीच बोली सगळ्यात वर जाते. 1983 च्या एका प्रसिद्ध प्रयोगात 8 डॉलर किमतीच्या बरण्यांचा सरासरी अंदाज 5.13 डॉलर होता, तर जिंकणारी सरासरी बोली 10.01. मार्केट यार्डात गुळाच्या सौद्यात व्यापारी माल डोळ्यांनी बघतो आणि दुसऱ्याची बोलीही ऐकतो. बंद चिठ्ठीत यातलं दुसरं नसतं.

---

गणिताचा_तास

शाहूपुरी, 3 विरुद्ध 5 चा हिशोब बरोबर आहे. तो पास्कलच्या तासाला जोडून घ्या, रीत तीच आहे.

मराठीच्या शिक्षकांसाठी एक सुचवतो: महाभारताच्या वनपर्वातली नळाची गोष्ट. द्यूतात राज्य हरलेल्या नळाला ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडाची पानं आणि फळं न मोजता किती आहेत ते सांगतो. नळ मोजून बघतो तर आकडा जुळतो, मग ऋतुपर्ण त्याला फाशांची विद्या देतो. वाचून झाल्यावर मुलांना शाळेच्या आवारातल्या झाडाखाली न्या. दहा डहाळ्यांची पानं मोजून सरासरी काढायची आणि डहाळ्यांच्या संख्येने गुणायची. दहाही डहाळ्या हाताला येणाऱ्या, खालच्या घेतल्या तर अंदाज चुकतो, कारण खालच्या आणि शेंड्याच्या डहाळ्यांना पानं सारखी नसतात. काठी आणि दुर्बीण घेऊन निम्म्या वरच्या मोजा.

गुरुजी, मूग-मोहरीचे कप बाकी सगळ्या तासांच्या तीन आठवडे आधी भरावे लागतील. वेळापत्रक तिथून मागे मोजत करा.