टचडाउनपेक्षा टार्गेट बघा
फॅन्टसी फुटबॉलमध्ये (अमेरिकन फुटबॉल लीग NFL चे खरे खेळाडू निवडून त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवायचा खेळ) मागच्या सीझनचे टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन केलेला स्कोअर) बघून ड्राफ्टची, म्हणजे खेळाडू निवडायची यादी करायची म्हणताय, ते मला नाही पटत, टचडाउन दरवर्षी वरखाली होतात, त्यापेक्षा रिसीव्हरला, म्हणजे पास झेलणाऱ्याला, टार्गेट (त्याच्याकडे फेकलेले पास) किती मिळतात ते बघा. रिसीव्हर पुका नकुआ २०२३ च्या NFL ड्राफ्टला (टीम नवे खेळाडू निवडतात तो) पाचव्या राउंडमध्ये १७७ वा गेला, मुख्य रिसीव्हर कूपर कप जखमी म्हणून रॅम्स टीमने नकुआला खेळवला, पहिल्याच मॅचला १५ टार्गेट! सीझनभरात पोराने १०५ कॅच, १४८६ यार्ड काढले, दोन्ही तेव्हाचे रुकी (पहिल्या वर्षाच्या खेळाडूचे) रेकॉर्डच. खेळाडूंची कार्डं जमवायचं गणित मात्र वेगळं, तिथे जास्त भाव क्वार्टरबॅकला (पास फेकणारा), रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा) फॅन्टसीत कितीही सोनं असला तरी त्याचं रुकी कार्ड मी महागात घेत नाही, करिअर फार छोटं असतं हो त्यांचं. आणि इंज्युरी रिपोर्ट (कोण जखमी आहे त्याची यादी) तुमच्या फॅन्टसी ड्राफ्टच्या दिवशी सकाळी परत एकदा बघाच.