मदत हवी आहे: आवाज पोचतो, शब्द पोचत नाहीत

मंडळी, अडलोय.

आमच्या वाचनगटातल्या चर्चांची तीसेक रेकॉर्डिंग्ज माझ्याकडे आहेत, एकेक तासाभराचं. आत्याला ती ऐकायची आहेत. ती दोन्ही कानांना श्रवणयंत्र लावते, समोरासमोर छान गप्पा मारते (ओठांकडे बघून निम्मं ओळखते, हे मला या भानगडीतच कळलं). रेकॉर्डिंग लावलं की मात्र एकच पालुपद: "आवाज येतोय रे, शब्द कळत नाहीत."

आधी मी सरळ आवाज वाढवला. ती दचकली आणि यंत्रच काढून ठेवलं. मग वाचलं की वयोमानाने ऐकणं कमी होतं तेव्हा बहुधा वरच्या फ्रीक्वेन्सीज (म्हणजे बारीक, उंच पट्टीचे आवाज) आधी जातात. स, श, फ यांची ओळख तिथेच असते. स्वरांचा जोर खाली. आवाज वाढवून नुसता 'आ' मोठा होतो, 'सार' की 'फार' ते कळत नाहीच.

म्हणून ऑडॅसिटीत (ध्वनी संपादनाचं सॉफ्टवेअर) २००० ते ४००० हर्ट्झचा पट्टा थोडा उचलला, ८० हर्ट्झखालची घरघर कापली, कॉम्प्रेसरने (लहान-मोठा आवाज एका पातळीच्या जवळ आणणारी सोय) वाक्याच्या शेवटी पडणारा आवाज वर आणला. फरक पडला. नॉइज रिडक्शन (मागचा गोंगाट कमी करणं) मात्र जरा जास्त झालं की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो.

व्हिस्परकडून (बोलणं ऐकून मजकूर लिहिणारं एआय सॉफ्टवेअर) मजकूरही काढून पाहिला. नावांची वाट लागते ते समजू शकतो, पण नुसती शांतता असते तिथेही गडी मनची वाक्यं घालतो! एक फाइल तपासायला चार तास गेले.

तर, व्हिस्परला मूळ फाइल द्यावी की साफ केलेली? दोघं एकदम बोलतात तिथे काय लिहायचं? आणि ऐकता ऐकता वाचायचं असेल तर एसआरटी (वेळेनुसार मजकूर दाखवणारी सबटायटल्सची फाइल) ऑडिओबरोबर दिसणार कशी?

प्रतिसाद १:
पाच मिनिटांचा तुकडा दोन्ही प्रकारे देऊन बघा, पण मला मूळ फाइलच बरी वाटते. प्रत्येक वाक्याआधी बोलणाऱ्याचं नाव लिहा. कळत नाही तिथे सरळ [अस्पष्ट], अंदाज नको. एसआरटीसाठी ऑडिओला एक स्थिर चित्र जोडून व्हिडिओ करा, दोन्ही फायलींचं नाव सारखं ठेवा. व्हीएलसी (व्हिडिओ प्लेअर) सबटायटल्स आपोआप उचलतं. यंत्र ब्लूटूथवालं आहे का? आवाज थेट यंत्रात गेला तर निदान ऐकण्याच्या खोलीतला घुमारा टळतो.

धागाकर्ता:
आत्ताच विचारलं. आहे म्हणे, फक्त कधी जोडलेलं नाही. आधी तेच करतो.