नव्या मोटारसायकलच्या टाकीवर चरा : पॉलिश करून घ्यावे की टाकी बदलून मागावी?

माणदेशी :
दसऱ्याला साताऱ्यातील एका शोरूममधून नवी मोटारसायकल घेतली. ताबा देताना हँडलला झेंडूचा मोठा हार बांधलेला होता आणि त्याची टोके टाकीवर लोंबत होती. घरी पूजा झाल्यावर हार उतरवला, तेव्हा टाकीच्या डाव्या बाजूला, गुडघा टेकतो त्याच्या किंचित वर, बोटभर लांबीचा चरा दिसला. त्याच्या एका टोकाला काळा रंग निघून खालचा करडा थर उघडा पडला आहे. गाडीचा रंग मॅट, म्हणजे चमक नसलेला आहे. त्याच संध्याकाळी विक्री प्रतिनिधीला छायाचित्रे पाठवली, तेव्हा "पहिल्या सर्व्हिसिंगला आणा, पॉलिश करून देतो," असे उत्तर मिळाले. व्यवस्थापकांचे म्हणणे असे की, ताबापावतीवर "गाडी सुस्थितीत मिळाली" या वाक्याखाली माझी सही असल्यामुळे आता विम्यातून दावा करणे हाच मार्ग आहे. बरीच वर्षे पैसे साठवून घेतलेली गाडी आहे आणि हा डाग रोज डोळ्यांत खुपतो. मी नेमके काय मागावे?

रंगशाळा :
मी गाड्यांच्या रंगकामाच्या व्यवसायात आहे. पॉलिशला आपण ठामपणे नकार द्यावा. चकचकीत रंगावर वरच्या पारदर्शक थरापुरता ओरखडा असेल, म्हणजे त्यावरून नख फिरवल्यावर ते अडकत नसेल, तर रबिंग कंपाउंडने तो बहुतेक निघतो. आपल्याकडे मात्र दोन्ही गोष्टी प्रतिकूल आहेत. करडा थर दिसतो आहे तो प्रायमर आहे, म्हणजे रंग मुळापर्यंत गेला आहे आणि घासून तो परत येणार नाही; शिवाय मॅट रंगावर घासले की तेवढाच भाग गुळगुळीत होऊन चमकू लागतो, आणि बोटभर चऱ्याच्या जागी तळहाताएवढा तेलकट दिसणारा डाग कायमचा राहतो. टाकी बाहेर पूर्ण रंगवून घेतली तरी बाजूच्या भागांशी मॅट छटा तंतोतंत जुळवणे फार अवघड असते, आणि पारदर्शक थराखाली कंपनीची अक्षरे असतील तर तीही जातात. त्यामुळे कंपनीकडून रंगवून आलेली नवी टाकी मागणेच योग्य ठरेल.

न्यायपक्ष :
वरील तांत्रिक मताला कायद्याचा आधार आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील सदोष मालाच्या व्याख्येत मालाच्या दर्जातील कोणताही दोष, अपूर्णता किंवा उणीव यांचा समावेश आहे. गाडी चालण्यात अडचण असलीच पाहिजे अशी अट नाही. सहीचे म्हणाल तर, 1930 च्या मालविक्री कायद्याच्या कलम 41 नुसार, आधी न तपासलेला माल तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत खरेदीदाराने तो स्वीकारला असे मानले जात नाही. हाराखाली झाकलेला भाग पाहण्याची संधी मिळाली होती का, हा प्रश्न आपण नक्कीच उपस्थित करू शकता. सही आपल्या विरोधात जाणारा पुरावा आहे हे खरे, पण तेवढ्याने विषय संपत नाही. मात्र वाजवी मुदतीत हरकत न घेता माल ठेवून घेतला तर तो स्वीकारला असे धरले जाते, म्हणून पहिल्या सर्व्हिसिंगपर्यंत थांबणे आपल्याच अंगाशी येईल.

आजच डीलरला आणि कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाला ईमेल करावा. त्यात चासी क्रमांक, ताब्याची तारीख, त्या संध्याकाळी पाठवलेली छायाचित्रे आणि "टाकी विनामूल्य बदलून द्यावी" ही एकच स्पष्ट मागणी असावी. संपूर्ण गाडी बदलून मागण्याचा आग्रह या टप्प्यावर धरू नये, कारण नोंदणी आपल्या नावावर झालेली आहे. टाकी बदलल्याने मात्र नोंदणी प्रमाणपत्रावरचा चासी किंवा इंजिन क्रमांक बदलत नाही. उत्तर आले नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग आहेच: आपण राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे.

विम्याचा सल्ला मुळीच मानू नका. ताब्याआधी झालेली हानी आपल्या अपघाताच्या नावाखाली दाखवणे म्हणजे खोटा दावा करणे होय, आणि वर पहिल्या नूतनीकरणात मिळणारी 20 टक्क्यांची नो क्लेम सवलतही (वर्षभर दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जाते.

घाटवाट :
एक सुचवतो. ट्रकमधून येताना किंवा गोदामात चरा पडला असेल, तर त्याच बाजूचे इतर भागही पाहून घ्या, विशेषतः पुढच्या फोर्कच्या, म्हणजे पुढचे चाक धरून ठेवणाऱ्या भागाच्या चकचकीत नळ्या. तिथली लहानशी खोच दिसायला किरकोळ वाटते, पण ती आतले तेल अडवणारे ऑइल सील कापते, आणि गळलेले तेल पुढच्या डिस्क ब्रेकवर गेले तर ब्रेक लागत नाही.

माणदेशी :
सर्वांचा आभारी आहे. फोर्कच्या नळ्या स्वच्छ आहेत. ईमेलनंतर कंपनीच्या विभागीय कार्यालयातून फोन आला आणि टाकी बदलून देण्याचे त्यांनी लेखी मान्य केले आहे. नवी टाकी बसवताना काय पाहावे?

रंगशाळा :
खोक्यावरचा पार्ट क्रमांक जॉब कार्डावर (वर्कशॉपच्या कामाच्या नोंदपत्रावर) लिहून घ्या आणि त्यापुढे "विनामूल्य" असा स्पष्ट उल्लेख असू द्या. टाकी बसवण्याआधीच बाहेर उन्हात नेऊन बाजूच्या पॅनेलजवळ धरा, कारण शोरूमच्या दिव्याखाली मॅट छटेतला फरक कळत नाही. बसवल्यावर पेट्रोल भरून गळती नाही ना हे पाहायला नळीच्या जोडाशी कोरडे बोट फिरवा, इंधनाचा काटा हलतो का ते पाहा, आणि हे सारे होईपर्यंत जॉब कार्डावर सही करू नका.