मदत हवी आहे: लाइव्ह मायग्रेशननंतर चार कॅमेऱ्यांच्या व्हिडिओ स्ट्रीमचा आपसांतला मेळ बिघडतो

नमस्कार मंडळी,

एकाच खेळाचे चार कोनांतून चित्रण करणाऱ्या चार कॅमेऱ्यांच्या स्ट्रीम आम्ही दोन व्हर्च्युअल मशीनमध्ये विभागल्या आहेत. प्रत्येक मशीन आपल्या वाट्याच्या दोन स्ट्रीम टीसीपीवरून घेते, त्या डीकोड करते (दाबलेले चित्र उलगडते), चित्रावर गुणफलकाची पट्टी चढवते, पुन्हा एन्कोड करते (दाबते) आणि आरटीपीने, म्हणजे थेट व्हिडिओ पाठवण्याच्या नेटवर्क-पद्धतीने, पुढे पाठवते. पाहणाऱ्याच्या पडद्यावर चारही कोन शेजारीशेजारी दिसत असल्यामुळे एक स्ट्रीम दुसरीच्या दोन-तीन फ्रेम मागे पडली तरी ते लगेच डोळ्यांना खुपते. चित्र 1920 गुणिले 1080, सेकंदाला 25 फ्रेम. म्हणजे दोन फ्रेममध्ये 40 मिलिसेकंदांचे अंतर असते आणि आरटीपीच्या 90 किलोहर्ट्झ घड्याळात ते 3600 टिक भरते. खाली व्हर्च्युअल मशीन चालवणारे केव्हीएम आणि क्यूईएमयू असून मायग्रेशनसाठी, म्हणजे चालू मशीन एका होस्टवरून (प्रत्यक्ष संगणकावरून) दुसऱ्यावर हलवण्यासाठी, सेकंदाला 500 मेगाबाइटची मर्यादा घातलेली आहे.

अडचण होस्टच्या देखभालीच्या वेळी येते. दोनपैकी एक मशीन चालू स्थितीतच दुसऱ्या होस्टवर हलवले, की ते सुमारे पाव सेकंद थांबते. तेवढा खंड आम्हाला मान्य आहे. मात्र मशीन पुन्हा सुरू झाल्यावर त्याच्या दोन स्ट्रीम उरलेल्या दोहोंशी जुळत नाहीत, आणि त्यांच्यातला फरक नंतर कित्येक मिनिटे हळूहळू कमी होत राहतो. टीसीपी असल्यामुळे पॅकेट हरवत नाहीत, हे आम्ही तपासले आहे.

बाहेर जाणाऱ्या पॅकेटवरचे टाइमस्टॅम्प (वेळेचे शिक्के) पाहिले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. थांबण्यापूर्वी लागोपाठच्या फ्रेममधला फरक 3600 च्या आसपास असतो, पण मशीन जागे झाल्यावर साठलेल्या सहा-सात फ्रेम एकदम आत येतात आणि त्यांच्यातला फरक काहीशे टिकांवर उतरतो. त्यानंतर तो पुन्हा 3600 च्या जवळ येतो, पण नेमका 3600 नसतो. किंचित जास्त असतो.

क्यूईएमयूमधली थांबण्याची मर्यादा मूळ 300 मिलिसेकंदांचीच आहे. ती कमी केल्यास स्ट्रीमचा मेळ टिकेल का, की दुखणे वेगळ्याच ठिकाणी आहे? पाहणाऱ्याकडचा बफर वाढवण्याची तयारी आहे, पण थेट प्रक्षेपण असल्याने त्यालाही मर्यादा आहे.

प्रतिसाद – घड्याळजी

मर्यादेला हात लावण्याआधी दोन गोष्टी सांगा. बाहेर जाणाऱ्या फ्रेमवरचा टाइमस्टॅम्प कुठल्या घड्याळावरून घेतला जातो? आणि मशीनच्या आतले घड्याळ कोण दुरुस्त करते, किती वेगाने?

धागाकर्ता

टाइमस्टॅम्प फ्रेम आत येताच मशीनच्या स्वतःच्या प्रणाली-घड्याळावरून घेतला जातो. चारही कॅमेऱ्यांची घड्याळे पीटीपीने (नेटवर्कवरून घड्याळे अचूक जुळवण्याच्या पद्धतीने) आपसांत जुळवलेली आहेत, पण त्यांची वेळ डीकोडरच्या पुढे जात नाही. मशीनमध्ये घड्याळ दुरुस्त करणारा क्रोनी हा प्रोग्राम आहे आणि घड्याळाला अचानक उडी बसू नये म्हणून दुरुस्तीची कमाल गती 500 पीपीएमवर (दशलक्षात 500 भागांवर) बांधून ठेवली आहे.

प्रतिसाद – घड्याळजी

मग तुमच्या नोंदींतल्या दोन्ही गोष्टींचा उलगडा होतो.

मशीन थांबलेले असताना त्याच्या आतले घड्याळ हा काळ पूर्णपणे मोजत नाही. ते किती मागे राहते हे घड्याळाच्या स्रोतावर आणि हायपरव्हायझरच्या, म्हणजे मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, आवृत्तीवर ठरते. अलीकडच्या क्यूईएमयूमध्ये केव्हीएम-क्लॉक (केव्हीएमने मशीनला पुरवलेले घड्याळ) वापरल्यास बराचसा भाग भरून काढला जातो, टीएससी (प्रोसेसरमधला गणक) वापरल्यास तसे गृहीत धरू नये. तुमचे घड्याळ जवळजवळ पूर्ण पाव सेकंद मागे राहिलेले दिसते. 500 पीपीएम म्हणजे सेकंदामागे अर्धी मिलिसेकंद. या हिशेबाने 250 मिलिसेकंद भरून निघायला 500 सेकंद, म्हणजे आठ मिनिटांहून जास्त वेळ लागतो. तेवढा वेळ मशीनचे घड्याळ किंचित जलद चालते, म्हणून फ्रेममधला फरक 3600 पेक्षा दीड-दोन टिकांनी जास्त येतो. साठलेल्या फ्रेममधला काहीशे टिकांचा फरक हा आगमनाच्या वेळेचा शिक्का आहे. कॅमेऱ्याने त्या फ्रेम 40 मिलिसेकंदांच्या अंतरानेच टिपल्या होत्या.

दुरुस्तीची गती वाढवून किंवा घड्याळाला उडी मारू देऊन हे सुटणार नाही. उडी मारली की तीच उडी स्ट्रीममध्ये उमटेल. माझ्या मते टाइमस्टॅम्पचा आणि मशीनच्या घड्याळाचा संबंधच तोडायला हवा. आरटीपीच्या 2003 च्या मानकात, म्हणजे आरएफसी 3550 मध्ये, याची सोय आहे: कॅमेरा आरटीसीपीच्या (आरटीपीच्या जोडीने चालणाऱ्या नियंत्रण-पद्धतीच्या) प्रेषक-अहवालात एनटीपी पद्धतीची, म्हणजे खऱ्या घड्याळाची, वेळ आणि त्या क्षणाचा आरटीपी टाइमस्टॅम्प अशी जोडी पाठवतो. या जोडीवरून प्रत्येक फ्रेम नेमकी कधी टिपली गेली हे काढता येते. ती वेळ फ्रेमसोबत डीकोडर, पट्टी आणि एन्कोडर यांतून पुढे न्या, बाहेरचा टाइमस्टॅम्प तिच्यावरूनच बनवा, आणि बाहेर पाठवायच्या अहवालातली जोडीही मशीनच्या घड्याळावरून न काढता तिच्यावरूनच काढा. कॅमेऱ्याचे घड्याळ तुमच्या मायग्रेशनने थांबत नाही आणि टीसीपी जोडणीही टिकते. त्यामुळे मशीन जागे झाल्यावर नव्या अहवालाची वाट पाहावी लागत नाही, जुनी जोडीच लागू पडते.

एवढे केल्यावर मायग्रेशन म्हणजे केवळ उशीर उरतो, आणि उशीर बफरमध्ये मुरवता येतो. पाहणाऱ्याकडे जीस्ट्रीमर (व्हिडिओ हाताळणारे सॉफ्टवेअर) असेल, तर त्याच्या आरटीपी जिटर बफरची (मागेपुढे येणारी पॅकेट थोडा वेळ थोपवून धरणाऱ्या साठ्याची) मूळ मुदत 200 मिलिसेकंद आहे, ती तुमच्या थांबण्याहून कमी आहे. शिवाय साठलेल्या फ्रेमचा निपटारा व्हायलाही वेळ लागतो: एन्कोडर सेकंदाला जेमतेम 30 फ्रेम करू शकत असेल, तर सहा फ्रेमची थकबाकी फिटायला सेकंदाहून जास्त वेळ जाईल. मुदत अर्ध्या सेकंदापासून सुरू करून पाहा, आणि चारही स्ट्रीमना ती सारखीच ठेवा.

मशीनच्या नोंदींसाठी आतले घड्याळ नीट हवेच असेल, तर पीटीपी-केव्हीएम चालक वापरून क्रोनीला थेट होस्टच्या घड्याळावर लावता येते. त्यासाठी दोन्ही होस्ट आधी आपसांत जुळलेले असले पाहिजेत. नाहीतर मशीन हलले की त्याची वेळ नव्या होस्टच्या चुकीसकट येते.

प्रतिसाद – मेमरीवाला

घड्याळजींशी सहमत आहे. मात्र थांबण्याच्या मर्यादेचा प्रश्न तुम्ही विचारला होता आणि तो अर्धवट राहू नये.

क्यूईएमयू मशीन चालू असतानाच मेमरी फेऱ्याफेऱ्यांनी पाठवतो. प्रत्येक फेरीत मधल्या काळात बदललेली पेज (मेमरीचे छोटे तुकडे) पुन्हा पाठवली जातात. उरलेली पेज चालू वेगाने ठरलेल्या मर्यादेत पाठवून होतील असा अंदाज आला, की तो मशीन थांबवतो. तुमच्या आकड्यांत सांगायचे तर 300 मिलिसेकंदांत 500 मेगाबाइटच्या वेगाने 150 मेगाबाइट जातात. आता तुमची बाजू पाहा. आठ-बिट 4:2:0 रूपातली (पिक्सेलमागे सरासरी दीड बाइटची) एक कच्ची फ्रेम 31,10,400 बाइटची होते. दोन स्ट्रीम आणि प्रत्येकीच्या डीकोडर, पट्टी व एन्कोडर मिळून समजा वीस फ्रेमच्या जागा राखलेल्या असतील, तर सुमारे 124 मेगाबाइट मेमरी सतत लिहिली जात असते, म्हणजे कितीही फेऱ्या झाल्या तरी शेवटी तेवढी उरणारच. ती 150 मध्ये बसते, म्हणून क्यूईएमयू समाधानाने थांबतो, आणि 124 भागिले 500 म्हणजे तुमचा पाव सेकंद.

नुसती मर्यादा 100 मिलिसेकंदांवर आणली, तर जास्तीत जास्त 50 मेगाबाइट उरायला हवे. ते कधीच होणार नाही आणि मायग्रेशन घोटाळत राहील. त्यातच ऑटो-कन्व्हर्ज (मायग्रेशन पुरे व्हावे म्हणून मशीनला मंदावणारी क्यूईएमयूची सोय) चालू असेल तर प्रकरण हाताबाहेर जाते: तो मशीनचे प्रोसेसर आधी 20 टक्क्यांनी आणि मग दहादहा टक्क्यांनी आवळत नेतो, एन्कोडर मागे पडतो आणि मशीन थांबण्याआधीच स्ट्रीम रेंगाळू लागतात. अशा कामासाठी तो बंदच ठेवावा. त्याऐवजी राखीव फ्रेमची संख्या कमी करा. स्ट्रीममागे आठ फ्रेमवर भागले, तर 50 मेगाबाइटच्या आसपास मेमरी उरते आणि थांबणे आपोआप सेकंदाच्या दहाव्या भागावर येते. मर्यादा त्यानंतर खाली आणा, पण अगदी काठावर नको, कारण फ्रेमखेरीज इतर मेमरीही बदलत असते.

पोस्ट-कॉपीचा, म्हणजे मशीन आधी हलवून मेमरी मागाहून नेण्याचा, सल्ला कुणी देईल म्हणून आधीच सांगतो: त्यात मशीन लगेच पलीकडे सुरू होते, पण हवे असलेले प्रत्येक पेज सुरुवातीला नेटवर्कवरून ओढून आणावे लागते, आणि एन्कोडरला नेमके तेच सोसत नाही.

प्रतिसाद – काठावरचा

मला हा सगळा खटाटोपच अनाठायी वाटतो. देखभाल आधीपासून ठरलेली असते. दुसऱ्या होस्टवर तसेच मशीन अगोदर उभे करा, त्याला त्याच दोन कॅमेऱ्यांना जोडा आणि एखाद्या की-फ्रेमवर (आधीच्या फ्रेमशिवाय उलगडता येणाऱ्या फ्रेमवर) पाहणाऱ्याला तिकडे वळवा. धावते मशीन उचलून न्यायची गरजच काय?

प्रतिसाद – घड्याळजी

हा मार्ग चांगला आहे, पण दोन्ही मशीनमधून येणारी तीच फ्रेम ‘तीच’ आहे हे ओळखायला टाइमस्टॅम्प कॅमेऱ्याच्याच वेळेचा लागेल. म्हणजे मी सांगितलेले काम टळत नाही. शिवाय त्या काळापुरते प्रत्येक कॅमेऱ्याला दोन जोडण्या पेलाव्या लागतील. कॅमेरे तेवढ्या देतात का ते पाहून घ्या.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. मशीनमधला घड्याळाचा स्रोत तपासला. तो टीएससीच निघाला. चाचणीच्या जोडीवर कॅमेऱ्याची वेळ फ्रेमसोबत पुढे नेण्याचा बदल केला असून मायग्रेशननंतर बाहेरच्या पॅकेटमधला फरक साठलेल्या फ्रेमसाठीही 3600 च राहतो. पाहणाऱ्याकडे अर्ध्या सेकंदाची मुदत ठेवल्यावर चारही कोन एकत्र चालतात; हलवलेल्या मशीनच्या दोन चौकटी क्षणभर गोठतात कारण आमच्या एन्कोडरला वेगाचा फारसा वाव नाही, पण पुन्हा सुरू झाल्यावर त्या जुळलेल्याच असतात. राखीव फ्रेम कमी करण्याचे काम अजून बाकी आहे. पट्टी चढवणारा भाग बाराच्या खाली उतरायला तयार नाही, त्यामुळे मेमरीवाल्यांचा आकडा तिथे कसा गाठायचा हे पाहावे लागेल. दुसऱ्या मशीनची कल्पनाही सोडलेली नाही, मात्र आमचे कॅमेरे एका वेळी एकच टीसीपी जोडणी देतात, म्हणून तिच्यासाठी मध्ये एखादा पुनःप्रेषक (एक स्ट्रीम घेऊन ती अनेकांना पुढे देणारा) बसवावा लागेल. असा पुनःप्रेषक कॅमेऱ्याचे आरटीसीपी अहवाल जसेच्या तसे पुढे देतो की स्वतःचे नवे बनवतो, याबद्दल कुणाला प्रत्यक्ष अनुभव असल्यास याच धाग्यावर लिहावे.